हवामानाच्या अंदाजाचे गुणपत्रक

देशात नवा महासंगणक आला की त्याची बातमी साधारण एकाच साच्यातून निघते. तो सेकंदाला किती आकडेमोडी करतो, किती कोटींना पडला, जगात त्याचा क्रमांक कितवा, आणि शेवटी एक वाक्य : यामुळे हवामानाचे अंदाज आता अधिक अचूक होतील. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील 'अर्क' आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रातील 'अरुणिका' या यंत्रांचे उद्घाटन झाले, तेव्हाही असेच घडले. साडेआठशे कोटी रुपयांचा हा प्रकल्प. एकट्या 'अर्क'चा वेग ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेबारा हजार लाख कोटी आकडेमोडी!

आमची तक्रार यंत्राविषयी नाही. त्या शेवटच्या वाक्याविषयी आहे. 'अधिक अचूक' म्हणजे किती, कशाच्या तुलनेत आणि कोणासाठी? विद्यार्थ्याने भारी किमतीचे दप्तर आणले म्हणून आपण त्याचे गुण वाढवत नाही. हवामानाच्या अंदाजाला मात्र आपला समाज दप्तर पाहूनच गुण देतो, आणि अंदाज चुकला की दप्तरालाच शिव्या घालतो. गुणपत्रक पाहण्याची सवय कोणालाच नाही. खरे तर रोजच्या कामात वापरल्या जाणाऱ्या अंदाजपद्धतीइतकी कसून तपासता येण्याजोगी विज्ञानशाखा दुसरी नसेल. इथे दररोज परीक्षा होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला निकाल लागतो.

संगणक अंदाज कसा करतो, हे थोडक्यात पाहू. १९०४ साली नॉर्वेच्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी मांडले की, दाब, तापमान, घनता, आर्द्रता आणि वाऱ्याचे तीन दिशांतील घटक अशा सात राशी आज ठिकठिकाणी माहीत असतील, तर भौतिकीच्या नियमांनी त्यांची उद्याची मूल्ये काढता येतील. इंग्लंडच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी ते प्रत्यक्ष करून पाहिले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात काम करत असताना, फावल्या वेळात हातांनी. २० मे १९१० या दिवसाची निरीक्षणे घेऊन मध्य युरोपातील एका ठिकाणचा सहा तासांतील दाबातला बदल त्यांनी काढला. उत्तर आले १४५ हेक्टोपास्कल! (हेक्टोपास्कल म्हणजे जुना मिलिबार.) पृथ्वीवरचे उग्रातले उग्र चक्रीवादळसुद्धा सहा तासांत दाब इतका बदलत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी तिथे दाब जवळपास स्थिर होता. १९२२ साली छापलेल्या पुस्तकात रिचर्डसन यांनी हे उत्तर जसेच्या तसे दिले आहे, लपवलेले नाही.

या पुस्तकातील एक कल्पनाचित्र नेहमी सांगितले जाते. एका प्रचंड गोल सभागृहात चौसष्ट हजार गणक बसून साऱ्या जगाचे हवामान गणित आहेत आणि मधोमध उभा एक जण सर्वांचा वेग जुळवतो आहे. चित्र सुरेखच आहे. पण त्यामुळे एक गैरसमज पक्का झाला. रिचर्डसन यांचे गणित हळू होते म्हणून फसले, पुढे संगणक आले आणि प्रश्न सुटला, असा. ते फसले ते हळूपणामुळे नव्हे. त्यांच्या हाती 'अर्क' दिला असता, तर तेच चुकीचे उत्तर क्षणार्धात मिळाले असते. भोवतालच्या वाऱ्यांच्या वेगात मोजमापाच्या ज्या बारीक चुका असतात, त्या दाबातील बदल काढताना भयंकर फुगतात. पोत्यांनी भरलेली गाडी तोलून एका पोत्यात पडलेल्या अंगठीचे वजन काढण्यासारखा तो प्रकार होता. आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी पुढे संगणकावर तेच गणित पुन्हा केले. सुरुवातीची निरीक्षणे आधी नीट समतोल करून घेतल्यावर उत्तर एक हेक्टोपास्कलच्या आत आले. पद्धत तीच, दिवस तोच. बदलली ती फक्त सुरुवात.

१९५० साली ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एनियाक' या संगणकावर पहिले यशस्वी अंदाज केले, तेही समीकरणे मुद्दाम सोपी करून, फुगणाऱ्या लहरींना त्यांत जागाच राहणार नाही अशा बेताने. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तास लागले, म्हणजे हवामानाशी बरोबरी झाली. १९५५ साली अमेरिकेत असे अंदाज रोजच्या कामात घेतले जाऊ लागले. पहिली काही वर्षे ते अनुभवी माणसांनी हाताने काढलेल्या नकाशांपेक्षा सरस नव्हते. हे तिथल्या लोकांना ठाऊक होते, कारण ते रोज पडताळा घेत होते. चुका कुठे होतात हे नोंदवत आणि प्रारूप दुरुस्त करत ते पुढे गेले. युरोपच्या मध्यम पल्ला अंदाज केंद्राने १९७९ पासून हीच शिस्त पाळली आहे. तिथला हिशेब असा की, दर दहा वर्षांमागे उपयुक्त अंदाजाचा पल्ला साधारण एका दिवसाने वाढत गेला. दहा वर्षांत एक दिवस! यात महासंगणकाचा वाटा आहेच; पण उपग्रहांच्या निरीक्षणांचा आणि ती निरीक्षणे प्रारूपात मिसळण्याच्या गणिताचा वाटाही तेवढाच मोठा आहे. त्याची बातमी होत नाही, इतकेच.

मोठ्या यंत्राने नेमके काय साधते? पृथ्वीवर एक काल्पनिक जाळी पसरून प्रत्येक चौकटीसाठी गणित केले जाते. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि गणित बिघडू नये म्हणून वेळेचे टप्पेही निम्मे घ्यावे लागतात. काम झाले आठपट. वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे हे गणित आहे. आपल्याकडे १९९०च्या दशकात चौकट सुमारे दीडशे किलोमीटरची होती, २०१८ मध्ये ती बारा किलोमीटरवर आली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये ती सहा किलोमीटरची आहे. ही प्रगती लहान नाही. पण सहा किलोमीटरच्या चौकटीत छत्तीस चौरस किलोमीटरला एकच आकडा मिळतो. शिवाय एखादा ढगसमूह प्रारूपाला नीट 'दिसायला' एक चौकट पुरत नाही, पाच-सहा सलग चौकटी लागतात. वर्गाच्या छायाचित्रात एका मुलाच्या वाट्याला एकच ठिपका आला, तर तो कोण हे ओळखता येईल का?

२६ जुलै २००५ ची मुंबई आठवावी. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला सुमारे ७३. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. त्या काळच्या प्रारूपात अख्खी मुंबई एका चौकटीच्या कोपऱ्यात मावत होती. आजच्या जाळीत मुंबईला अनेक चौकटी मिळतात. पण तशा ढगाची जागा आदल्या दिवशी नेमकी सांगणे आजही कठीण आहे. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ग्रामपंचायतनिहाय अंदाजांकडे आम्ही थोडे सावधपणे पाहतो. गावागावासाठी आकडा छापता येणे निराळे आणि गावागावाचे ज्ञान असणे निराळे. शेजारच्या दोन गावांचे आकडे वेगळे असतील, तर तो फरक कितपत खरा ठरला, हे आकड्यांसोबतच सांगितले पाहिजे.

आता आपल्या देशातील एका घोटाळ्याकडे वळू. घोटाळा पैशांचा नव्हे, समजुतीचा. १९८८-८९ साली दिल्लीत अमेरिकेकडून 'क्रे एक्सएमपी-१४' हा महासंगणक आला. (मागितले होते याहून मोठे यंत्र, अमेरिकेने दिले ते हे. १९८८ सालीच पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये 'परम' तयार झाला.) त्याच सुमारास डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे मान्सूनचे सूत्र गाजू लागले. दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एकच झाल्या. वास्तविक क्रे आणला तो पुढच्या काही दिवसांचे अंदाज भौतिकीच्या समीकरणांनी काढण्यासाठी. सोळा घटकांचे सूत्र हा संख्याशास्त्राचा प्रकार होता. हिवाळ्या-उन्हाळ्यातील तापमान, दाब, बर्फ, वारे यांचा आणि पावसाळ्याचा पूर्वीच्या वर्षांत काय संबंध दिसला, यावरून साऱ्या देशाच्या चार महिन्यांच्या पावसाचा एक आकडा काढायचा. त्याला महासंगणकाची गरजच नव्हती.

२००२ साली या सूत्राने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. पडला ८१ टक्के. जुलै महिना तर निम्म्याहून अधिक कोरडा गेला. 'एवढे महासंगणक घेऊन उपयोग काय?' अशी टीका तेव्हा झाली. नेम चुकलेली टीका! आमच्या मते विचारायचा प्रश्न वेगळा होता आणि तो २००२ च्या आधी विचारायचा होता. खात्याच्या तेव्हाच्या मोजपट्टीप्रमाणे १९८९ ते २००१ ही तेरा वर्षे देशाचा पावसाळा सलग 'सामान्य' ठरला. या तेरा वर्षांत कोणताही अभ्यास न करता, दर वर्षी डोळे मिटून 'यंदा पाऊस सामान्य' म्हणणारा आळशी भविष्यवेत्ताही तेरापैकी तेरा गुण मिळवून गेला असता. सूत्राची कीर्ती ज्या वर्षांत वाढली, ती वर्षे त्याची खरी परीक्षा घेणारी नव्हतीच. सूत्र तयार करणाऱ्यांचा प्रयत्न प्रामाणिक होता. कमी पडली ती कीर्ती मोजण्याची आपली पट्टी.

अंदाजशास्त्रात ही पट्टी जुनी आहे. १८८४ साली अमेरिकेत फिन्ली नावाच्या लष्करी हवामान अधिकाऱ्याने घूर्णवातांचे, म्हणजे टॉर्नेडोंचे, अंदाज वर्तवून पाहिले. एकूण २८०३ अंदाज. त्यांत 'होणार' म्हटले आणि झाले असे २८. 'होणार' म्हटले आणि झाले नाही असे ७२. 'नाही' म्हटले आणि झाले असे २३. 'नाही' म्हटले आणि झाले नाही असे २६८०. बरोबर आलेले २७०८, म्हणजे ९६.६ टक्के. वा! पण गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने त्याच वर्षी दाखवून दिले की, रोज नुसते 'होणार नाही' म्हटले असते, तर २७५२ वेळा बरोबर ठरलो असतो, म्हणजे ९८.२ टक्के. न करणाऱ्याचे गुण करणाऱ्यापेक्षा जास्त! मग फिन्लीचे काम फुकट गेले का? नाही. एकावन्न घूर्णवातांपैकी अठ्ठावीस त्याने आधी सांगितले होते. आळशाने एकही नाही. म्हणून सहज साधणारी 'नाही-नाही' ही २६८० उत्तरे बाजूला ठेवावीत आणि उरलेल्या १२३ पैकी २८ बरोबर असे मोजावे, हा गिल्बर्टचा मार्ग. गुण होतात सुमारे २३ टक्के. कमी आहेत, पण खरे आहेत. टक्केवारी शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

याच पट्टीने आजच्या प्रारूपांना जिथे गुण द्यायला हवेत तिथे सढळ हाताने द्यावेत. ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले, तेव्हा त्याचा मार्ग काही दिवस आधी चांगला सांगता आला, लाखो लोकांना हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभरीच्या आत राहिला. २०१५ च्या जूनमध्ये ८८ टक्के पाऊस सांगितला होता, ८६ पडला. 'सामान्य' म्हणत बसलेला आळशी त्या वर्षी सपशेल पडला असता.

पण गुणपत्रकात अजून एक रकाना हवा : अंदाज कोणासाठी? २०१७ मध्ये देशाच्या पावसाचा जूनमधील अंदाज ९८ टक्के होता आणि प्रत्यक्षात ९५ टक्के पडला. चार टक्के इकडे-तिकडे धरलेलेच होते, म्हणजे अंदाज उत्तीर्ण. त्याच वर्षी जुलैत बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या भरवशावर पेरण्या झाल्या, मग पावसाने ओढ दिली, बियाणे-खतांचे पैसे मातीत गेले. पोलिसांनी यात करायचे काय, हा प्रश्न निराळा. पण ते शेतकरी अडाणीपणाने रागावले होते असे आम्हाला वाटत नाही. केरळापासून काश्मीरपर्यंतच्या चार महिन्यांच्या पावसाची एक सरासरी त्यांच्यापर्यंत 'यंदा पाऊस चांगला' या तीन शब्दांत पोचली. त्यांना हवे होते ते हे : पेरणीनंतरच्या पंधरवड्यात आमच्या मंडळात खंड पडेल का? पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे म्हणून वाचले गेले. दुबार पेरणीचा खर्च मात्र एकाच पक्षाने सोसला.

हे वाचणे बिघडते त्यात वृत्तपत्रांचा हातभार मोठा. खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक. या शब्दांना मोजलेले अर्थ आहेत. बातमीत ते मोघम विशेषणांसारखे वापरले जातात आणि मग लोक म्हणतात की खाते मोघम बोलते! शक्यतेचेही तेच. किंचित वेगवेगळ्या सुरुवाती देऊन प्रारूप अनेकदा चालवतात. पन्नासपैकी तीस वेळा पाऊस निघाला, तर शक्यता सुमारे साठ टक्के. ही शक्यता बातमीत येईपर्यंत गळून पडते आणि उरते 'पाऊस पडणार'.

गेल्या काही वर्षांत आणखी एक पाहुणा आला आहे. २०२३ मध्ये 'पांगू-वेदर' आणि 'ग्राफकास्ट' ही समीकरणे न सोडवता जुन्या नोंदींवरून शिकणारी प्रारूपे पुढे आली. फेब्रुवारी २०२५ पासून युरोपीय केंद्रही तशा प्रारूपाचे अंदाज रोज देते. २०२५ च्या पावसाळ्याआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशाच पद्धतीचे मान्सूनच्या आगमनाचे अंदाज सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवले. आता महासंगणकाची गरज उरली नाही, असे काही जण म्हणू लागले आहेत. आम्हाला ही घाई वाटते. ही प्रारूपे ज्या नोंदींवर शिकली, त्या निरीक्षणे आणि समीकरणांची जुनी प्रारूपे यांच्याच मेळातून तयार झालेल्या आहेत. शिवाय सरासरी चूक कमी ठेवायला शिकवलेले यंत्र टोकाच्या घटना बोथट करून सांगते, आणि ९४४ मिलिमीटरचा दिवस तर टोकाचाच. एक मात्र खरे, ती स्वस्त आहेत. स्वस्त यंत्राने महाग यंत्राला त्याच परीक्षेत हरवले, तर ते मान्य करावे.

'अर्क'च्या उद्घाटनाचे वर्ष २०२४. त्याच वर्षी जिल्ह्या-जिल्ह्यातील कृषी हवामान केंद्रे बंद करण्यात आली. २०१८ पासून देशभर अशी १९९ केंद्रे उभी राहिली होती. अंदाज वाचून 'फवारणी दोन दिवस थांबवा', 'कापणी उरकून घ्या' असा सल्ला स्थानिक भाषेत तालुक्याच्या पातळीवर देणे हे त्यांचे काम. आता हे संगणकामार्फत आपोआप होईल, असा विचार त्यामागे दिसतो. आम्हाला तो पटत नाही. माजलगावला जी साखळी तुटली ती दिल्ली-पुण्याच्या यंत्रात नव्हे, याच शेवटच्या कडीत तुटली होती.

शाळांना यात एक काम करता येण्याजोगे आहे. सरळ भिंतींची काचेची बरणी मोकळ्या जागी ठेवली, तर तिच्यात साचलेल्या पाण्याची उंची हाच मिलिमीटरमधला पाऊस. आदल्या दिवशी आपल्या जिल्ह्याचा अंदाज खात्याच्या शब्दांत जसाच्या तसा उतरवावा आणि सकाळी साडेआठला माप घ्यावे. अडीच मिलिमीटर किंवा अधिक असेल तर तो 'पावसाचा दिवस' धरावा. शेजारी आणखी एक रकाना आळशी भविष्यवेत्त्याचा : काल पडला तर आज पडेल, काल नाही तर आज नाही. पावसाळा संपला की फिन्लीच्या चार खणांत दोघांचे गुण मांडावेत. अडचण एकच. 'तुरळक ठिकाणी पाऊस' हा अंदाज एका बरणीने तपासता येत नाही. त्यासाठी केंद्रातील दहा-बारा शाळांनी मिळून नोंदी ठेवाव्यात आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्या एकत्र कराव्यात. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, रकाना मोकळा सोडू नये. मोकळ्या रकान्याचा अर्थ त्या दिवशी माप घेतले नाही असा धरला जाईल. रविवारचे आणि सुट्टीतले माप शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे सोपवावे.